जोडा सुरतेस टाकिला

सुरतेत मराठी माणसाला घराण्याविषयी विचारले की निम्मे लोक 1664 साली आलेले निघतात आणि उरलेले 1670 साली. महाराजांच्या दोन्ही स्वाऱ्यांत मिळून जेवढे घोडे असतील त्याहून जास्त वंशज उधन्याच्या आमच्या एकट्या सोसायटीत राहतात. खरे म्हणजे यांतली बहुतेक घरे भुसावळ-सुरत गाडीने, अमळनेर-नंदुरबारकडून, लूमवर काम करायला आली. पण सत्यनारायणाच्या प्रसादाला जमल्यावर सांगायला घोडा बरा पडतो. मी स्वतः 1994 च्या ऑगस्टात पुण्याहून एका डाइंग मिलमध्ये हिशेबनीस म्हणून आलो. सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली, लोक मिळेल त्या गाडीने पळाले, आणि त्या पळणाऱ्यांत मी खिडकीची जागा मिळवली होती. महिन्याने परत आलो, कारण पंधरा दिवसांचा पगार राहिला होता. सुरतेच्या इतिहासातले माझे कार्य एवढेच.

अशाच एका सत्यनारायणाच्या संध्याकाळी शेजारच्या काकांनी आपला मूळ पुरुष मुघलांच्या सुरतेतल्या अधिकाऱ्याला, म्हणजे किल्ल्यात लपलेल्या इनायतखानाला, बाहेरून हाका मारत होता असे सांगितले, तेव्हा मला राहवले नाही. मी शिऱ्याचा द्रोण खाली ठेवला आणि म्हणालो, "ते ठीक आहे. पण 1907 साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये जो जोडा फेकला गेला ना, तो आमच्या पणजोबांनी."

खोलीत शांतता पसरली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, मग गणपतीत तुमचे व्याख्यानच ठेवू. पुराव्यानिशी." 'पुराव्यानिशी' हा शब्द त्यांनी चमचाभर शिरा वाढावा तसा सहज वाढला. घरी येताना बायको एवढेच म्हणाली, "अहो, तुम्हाला साधी लग्नाची तारीख पुराव्यानिशी सांगता येत नाही."

शाळेतली इतिहासाची वही ज्यांनी रद्दीत घातली त्यांच्यासाठी थोडे सांगतो. काँग्रेसचे ते अधिवेशन व्हायचे होते नागपूरला. तिथे जहालांचा जोर, म्हणून मवाळांनी ते सुरतेला हलवले. सुरत मुंबई इलाख्यातली. यजमान प्रांतातला माणूस अध्यक्ष करायचा नाही असा रिवाज, म्हणजे टिळकांचा प्रश्न परस्पर मिटला. तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये मांडव पडला. सोळाशेवर प्रतिनिधी आले. 26 डिसेंबरला रासबिहारी घोष यांच्या नावाला दुजोरा द्यायला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले. त्यांच्यासारखा वक्ता नाही अशी ख्याती. पण लोकांनी एवढा गलका केला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवली की मला तहकुबीची सूचना मांडायची आहे. चिठ्ठीला उत्तर नाही. मग टिळक स्वतःच व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांना खाली ओढायला माणसे धावली, तर गोखल्यांनी, ज्यांचे टिळकांशी एका वाक्यावरही एकमत होत नसे त्या गोखल्यांनी, दोन्ही हात पसरून त्यांना आडोसा दिला. आणि एवढ्यात हवेतून काहीतरी आले.

हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. 1908 साली छापलेल्या पुस्तकात त्याने त्या वस्तूचे वर्णन केले आहे: मराठी जोडा, तांबूस कातड्याचा, पुढे टोकदार, तळाला शिसे ठोकलेला. तो सुरेंद्रनाथांच्या गालावर बसला आणि तिथून उसळून सर फिरोजशहा मेहतांना लागला. एका दगडात दोन पक्षी आपण ऐकून होतो. एका जोड्यात दोन मवाळ हा प्रकार सुरतेनेच पाहिला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला. एका जोड्याने मोडलेली काँग्रेस जोडायला 1916 साल उजाडले, तेही लखनौला.

नेव्हिन्सनने जोड्याचे वर्णन केले, जोडेवाल्याचे नाही. ही मोकळी जागा आमच्या घराण्याने भरून काढली होती.

पुण्याला शनिवार पेठेत आत्याच्या माळ्यावर एक ट्रंक आहे. तिच्यात एक जोडा आहे. एक म्हणजे एकच, डाव्या पायाचा. उजवा इतिहासात गेला, असे आत्या सांगते. दरवर्षी खंडेनवमीला घरातली शस्त्रे पुजायला काढतात. आमच्याकडची शस्त्रे म्हणजे विळी, अडकित्ता, वडिलांचा मिलिमीटर दाखवणारा स्टीलचा फूट, आणि तो जोडा. त्याला हळदकुंकू वाहून झेंडूचे फूल ठेवतात. लहानपणी मला वाटे की सगळ्यांच्याच घरी एक जोडा असतो. नंतर मित्राच्या घरी खंडेनवमीला गेलो आणि "तुमचा जोडा कुठेय?" असे विचारले. त्या घरी मला पुन्हा बोलावले नाही.

आत्याला फोन केला. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिच्या स्मरणशक्तीत रोज भर पडते. माझ्या लहानपणी जोडा फक्त फिरोजशहांना लागला होता. कॉलेजात असताना त्यात सुरेंद्रनाथ आले. आता तिने सांगितले की पणजोबांना पकडले, सुरतेच्या कोर्टात उभे केले, पंचवीस रुपये दंड झाला आणि तो लोकांनी झोळी फिरवून भरला. "कागद असणारच अरे," आत्या म्हणाली, "इंग्रज पावती दिल्याशिवाय पैसे घेत नसे."

हे मला पटले. हिशेबनिसाला पावतीचा मोह आवरत नाही.

सुरुवात वर्तमानपत्रांपासून केली. 27 डिसेंबरला शुक्रवार, केसरी निघे मंगळवारी, म्हणजे पुढचा अंक 31 तारखेचा. हा हिशेब मी एका कागदावर मांडला आणि फार मोठे संशोधन केल्याच्या थाटात बायकोला दाखवला. ती म्हणाली, हे कॅलेंडरवर दिसते. पुण्याला जाऊन जुने अंक चाळले. त्या दिवसांतले रकाने मी भिंग लावून वाचले. टिळकांनी आमच्या घराण्याचा उल्लेख केलेला नव्हता. जहालांची बाजू होती, मवाळांवर ताशेरे होते. 'आमच्या अमुक पेठेतील तरुण मित्राने नेम धरून' असे काही नव्हते. मात्र जाहिराती वाचताना दुपार कशी गेली कळले नाही. घड्याळे, केशतेल, धातुपुष्टीच्या गोळ्या. त्या काळच्या महाराष्ट्राला स्वराज्य हवे होते हे खरे, पण केसही हवे होते.

मग काँग्रेसचे जुने अहवाल. त्यांत प्रतिनिधींची नावे छापलेली असत, कोण, कुठला, काय करतो. 1889 च्या मुंबई अधिवेशनाला बरोबर 1889 प्रतिनिधी होते, हा योगायोग वाचून मी इतका हरखलो की मिलमध्ये सहा जणांना सांगितला. सहावा म्हणाला, "एमां तमारा दादा हता?" नव्हते.

आणि मग एका रात्री एका पुस्तकात वाचले की तो जोडा मुळात टिळकांवर फेकला होता, नेम चुकला. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. शनिवार पेठेतले घर. केसरीवाड्यापासून चालत पाच मिनिटे. चार पिढ्या खंडेनवमीला ज्याची पूजा केली, तो जोडा लोकमान्यांवर! आत्याला हे कळले तर? पेठेत कळले तर? मी ते पुस्तक ग्रंथालयात परत करताना कपाटात मुद्दाम स्वयंपाकाच्या पुस्तकांमागे ठेवले. संशोधकाने पुरावा दडवू नये, हे मला मान्य आहे. पण संशोधकाला आत्या नसावी.

आता खुद्द सुरत. आधी घटनास्थळ पाहावे म्हणून चौकबाजारात रिक्षा केली आणि सांगितले, फ्रेंच गार्डन. रिक्षावाला विचारात पडला. मग त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "फ्रेंच नथी. डच गार्डन छे. चालशे?" सुरतेत वलंदेजांची बाग आहे, त्यांच्या कबरी आहेत, इंग्रजांच्या आहेत, आर्मेनियनांच्या आहेत, जो परमुलखातून निघाला तो इथे माल घ्यायला आला आणि बरेचसे इथेच राहिले. मी म्हणालो, चालेल. नानपुऱ्यात डच बागेत बाकावर बसून, वलंदेजांच्या बेकरीच्या विद्येतून आलेली म्हणतात ती नानखटाई खाल्ली आणि वहीत लिहिले: 'घटनास्थळाची पाहणी केली.'

मग सरकारी कचेरी. कुठली ते सांगत नाही. माणसे सज्जन होती, घोळ माझा होता. मला हवी होती 1907-08 सालच्या एका फौजदारी खटल्याच्या निकालाची नक्कल. खिडकीतल्या साहेबांनी आडनाव वाचले, मान वर केली आणि हसून म्हणाले, "मराठी? तमारा लोको अगाउ बे वार आवी गया छे." मागच्या रांगेतले चार जणही हसले. साडेतीनशे वर्षे झाली, पण सुरतकर हिशेब विसरत नाही. मी म्हणालो, या वेळी फक्त झेरॉक्स हवी आहे.

अर्ज त्यांनी वाचायला घेतला आणि गाडी अडली. आमच्या घराण्यात नव्या नावांवर खर्च करायची पद्धत नाही. वडिलांना त्यांच्या पणजोबांचे नाव, मला माझ्या पणजोबांचे. त्यामुळे पणजोबांचे पूर्ण नाव आणि माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, अक्षर न अक्षर एक. अर्जात 'आरोपीचे नाव' आणि 'अर्जदाराचे नाव' हे दोन रकाने होते. साहेबांनी एकावर बोट ठेवले, मग दुसऱ्यावर.

"आरोपी पोते ज नकल मागे छे?"

मी समजावले. माझे गुजराती मी सव्वीस-सत्तावीस वर्षे रिंग रोडच्या कापड मार्केटच्या पाट्यांवरून शिकलेलो आहे. उधारी, डिस्काउंट आणि पोलिएस्टर यांपलीकडच्या विषयांत ते मला सोडून जाते. 'पणजोबा'ला गुजरातीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून 'बापना बापना बाप' म्हणालो. त्यांना वाटले मी चिडलो. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले, अर्ज माहिती अधिकारात करा म्हणाले, आणि शेजारच्या बाईंनी आवक रजिस्टरात नोंद केली. ती मी उलटी वाचली, कारण रजिस्टर त्यांच्याकडे तोंड करून होते:

'विषय : अरजदारे सने 1907 मां जोडो मारवा बाबत.'

खाली माझे पूर्ण नाव. माझा मोबाइल नंबर. माझा पत्ता. मी हरकत घ्यायला तोंड उघडले, तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

जुनी कागदपत्रे कुठे गेली असे विचारले की सुरतेत एकच उत्तर मिळते: तापीत. 2006 च्या ऑगस्टात उकाई धरणाचे पाणी सुटले आणि शहर बुडाले, ते मी पाहिले आहे. आमच्या मिलच्या तळमजल्यावरच्या खातेवह्यांचा लगदा मी स्वतः फावड्याने काढला. त्यामुळे कोणी 'पूरमां गयुं' म्हटले की मला वाद घालता येत नाही. त्याआधीच्या कागदांना आधीचे पूर आहेत, आणि अगदीच जुन्या कागदांना 1837 ची आग आहे. त्या वर्षी सुरतेला आग आणि पूर दोन्ही येऊन गेले. ज्याला पुरावा नको आहे त्याने तापीकाठी घराणे वसवावे. आमच्या पणजोबांनी तेवढे केले नाही.

गुजराती वर्तमानपत्रे राहिली होती. गुजरातमित्र 1863 पासून सुरतेत निघते आहे, आणि मुंबईची पारशी पत्रे त्याहून जुनी. एका जुन्या ग्रंथालयात बांधील अंकांचे गठ्ठे समोर आले. गुजराती लिपी म्हणजे शिरोरेघ पुसलेली आपलीच लिपी, या विश्वासावर मी बसलो. दोन तासांनी एका जानेवारी 1908 च्या पानावर ठळक मथळ्यात मला 'जोड' दिसले. हात थरथरले. मथळा पुसट होता, पण 'जोड' स्पष्ट होते, पुढे एखाद-दुसरे अक्षर. लेख दीड रकान्याचा होता. त्यात वाद होता, दोन पक्ष होते, 'अशुद्ध', 'मनस्वी', 'हठ' असे शब्द होते. मी तो अख्खा उतरवून घेतला. दुपार गेली, संध्याकाळचे पाच वाजले, मान आखडली. दुसऱ्या दिवशी मिलमधल्या सहकाऱ्याला वाचायला दिला. तो वाचता वाचता गोंधळला.

"आ तो जोडणी छे," तो म्हणाला.

"म्हणजे जोडाफेक?"

"ना ना. जोडणी एटले... स्पेलिंग."

मी गुजराती शुद्धलेखनावरचा दीड रकान्याचा लेख ऱ्हस्वदीर्घाच्या चुका करत उतरवून आणला होता.

मुंबई उरली होती. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे वरचे सगळे कागद मुंबईत. पहाटेच्या फ्लाइंग राणीने गेलो, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसलो. तिथे मला एक अद्भुत वस्तू भेटली: देशी वर्तमानपत्रांवरचे साप्ताहिक अहवाल. मराठी, गुजराती, उर्दू पत्रांत काय छापून आले त्याचे इंग्रजी सार सरकार दर आठवड्याला काढून घेई. काय ती मेहनत! कुठल्या तरी तालुक्याच्या साप्ताहिकाने कलेक्टरला टोमणा मारला तर तोही टिपलेला. मराठी संपादकाला असा मन लावून वाचणारा वर्गणीदार पुन्हा मिळाला नाही. मी जोडा विसरलो आणि तीन दिवस दुसऱ्यांची भांडणे वाचत बसलो. रजा संपली. जहालांचे, मवाळांचे, दोघांची समजूत घालणाऱ्यांचे, सगळ्यांचे म्हणणे त्या कागदांत होते. पंचवीस रुपये दंड भरणारे पणजोबा कुठे नव्हते.

गणपती आठवड्यावर आले. पुराव्याच्या नावाने हाती काय, तर जोडा. तोच आणून दाखवू म्हणून पुण्याला गेलो. आत्याने माळ्यावरून ट्रंक काढायला लावली, जोडा लाल मलमलीत गुंडाळून दिला आणि त्याच्या खाली घातलेली एक जुनी वहीही दिली. "ही त्याची बैठक आहे," ती म्हणाली, "ही नसली तर लवंडतो." वही मोडीत होती. चौऱ्याहत्तर की पंच्याहत्तर साली आजोबांनी तिच्यातली एक ओळ वडिलांना वाचून दाखवली होती, 'जोडा सुरतेस टाकिला', आणि पुढचे वाचायची गरज कोणाला वाटली नव्हती.

सुरतेला आल्यावर भागळच्या मोच्याकडे गेलो. नेव्हिन्सनचे शिसे तळाला आहे का ते बघावे. त्याने जोडा हातात फिरवला. तळाशी आमच्या वडिलांनी पासष्टच्या सुमारास रबर मारून घेतले होते, वापरायला नव्हे, जपायला. रबराखाली काय आहे ते बघायला उसवावे लागेल म्हणाला. मग पिशवीत डोकावला.

"बीजो क्यां?"

मी म्हणालो, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालावर. त्याने जोडा माझ्या हातात परत ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

वहीचे फोटो काढून एका मोडी शिकवणाऱ्या ताईंना पाठवले. स्वतः वाचायचा प्रयत्न करून झाला होता. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवायची. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते वाचणाऱ्याच्या नशिबावर. दहा दिवसांच्या ऑनलाइन वर्गानंतर मला त्यात माझे नाव वाचता येऊ लागले होते, म्हणजे पणजोबांचे. व्याख्यानाच्या आदल्या रात्री ताईंचा संदेश आला. खर्चाची वही आहे, म्हणाल्या. शके 1829, मार्गशीर्ष वद्य. तुम्ही म्हणता ती नोंद अशी:

'मुक्काम सुरत. मांडवाचे दारी जोडा टाकिला. आत गर्दी उसळली. परतीस एकच मिळाला. नवा जोडा रु. 1 आ. 12. फिर्याद केली नाही.'

मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचले. टाकिला म्हणजे फेकला नव्हे. टाकिला म्हणजे काढून ठेवला. ओसरीवर चप्पल टाकून आलो म्हणतो तसे. व्यासपीठावर खुर्च्या, लोक पायांत वहाणा घालून बसलेले, आणि त्या सोळाशेंत आमचे पणजोबा एकटेच, मांडव म्हटला की देव असणार असे समजून, दाराशी जोडा काढून आत गेले.

बायकोने ते दोनदा वाचले. मग म्हणाली, "बरोबर आहे. स्वतःचा जोडा कोण फेकतो? घरी अनवाणी जावे लागते. फेकणारा दाराशी पडलेला उचलतो."

हा मुद्दा एकोणीसशे आठपासून आजवरच्या एकाही इतिहासकाराच्या ध्यानात आला नाही, याचे कारण त्यांना बायका असल्या तरी त्या इतिहासकार नव्हत्या. आता मला शेवटचे तीन शब्दही समजले. 27 डिसेंबरच्या संध्याकाळी मांडव रिकामा करून पोलीस दमलेत, फिरोजशहांचा संताप उतरलेला नाही, आणि अशा वेळी चौकीवर जाऊन 'माझा एक जोडा हरवला आहे, तांबडा, टोकदार, पुणेरी' असे सांगणारा माणूस! पावणेदोन रुपयांत पणजोबांनी ती आफत मिटवली आणि कुठल्याही दप्तरात नाव न येऊ देता रात्रीच्या गाडीने परतले. मी तीन महिने सुरत, मुंबई, पुणे पालथे घालून शोधत होतो ते असल्या माणसाला, ज्याने आपण सापडू नये याची काळजी घेतली होती. अर्थात जोडा कोणी उचललाच असेल असेही नाही. धावपळीत कोणाच्या पायाने तापीकडे गेला असेल. सुरतेत ते उत्तर नेहमीच शक्य असते.

भीतभीत आत्याला फोन लावला. सगळे सांगितले. फेकला नाही, दंड नाही, कोर्ट नाही, झोळी नाही. पलीकडे बराच वेळ आवाज नाही.

"पण जोडा आपलाच ना?" आत्या म्हणाली.

"शक्यता आहे."

"मग झाले," आत्या म्हणाली. "हात कोणाचाही असू दे."

व्याख्यानाला बत्तीस माणसे होती, त्यांतली नऊ आरतीला लवकर आलेली. मी खरे ते सांगितले. अध्यक्षांनी आभार मानताना 'जोडाफेकीच्या थोर परंपरेचे पाईक' म्हणून शाल आणि नारळ दिला, कारण आभाराचे भाषण त्यांनी आधी लिहून आणले होते. इनायतखानवाले काका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "एकदा आमची पण वही बघून द्या ना." मी म्हणालो, बघू नका.

दिवाळीच्या आधी टपालाने सरकारी पाकीट आले. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर. त्यावर माझे पूर्ण नाव होते, म्हणजे पणजोबांचे पूर्ण नाव होते, जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता, आणि मजकूर एका ओळीचा: 'आपश्रीए मागेल जोडो आ कचेरीना रेकर्ड पर उपलब्ध नथी.'

सव्वाशे वर्षे होत आली. त्या माणसाने आपले नाव आणि तो जोडा एका सरकारी कागदावर येऊ दिले नव्हते.

बायकोने पत्र वाचले, चार घड्या घातल्या आणि जोड्याच्या टोकात सारले. "बरे झाले जाड कागद आहे," ती म्हणाली. "आत काही कोंबले नाही तर आकार जातो."